नऊ वर्षं जुनं पाणी : लास्लो अल्माशी

तिसरा_गियर :

मागच्या महिन्यात सासू-सासरे इकडे म्युनिकला आले होते. त्यांना साल्झबुर्ग दाखवायला नेलं. मंडळी मोझार्टच्या जन्मघरासमोर रांगेत उभी राहिली आणि मी "जरा पाय मोकळे करून येतो" असं पुटपुटत बस धरली ती थेट शहराच्या दफनभूमीची. (पुढे हे घरात उघडकीला आलं, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.) मला एकच कबर बघायची होती. तिच्यावर जर्मनमध्ये कोरलंय : वैमानिक, सहारा-संशोधक आणि झरझुरा मरूद्यानाचा शोधक. माणूस गेला १९५१ मध्ये, दगड बसला १९९५ मध्ये. त्याने दुसऱ्या महायुद्धात काय केलं याबद्दल दगडावर एक अक्षर नाही.

मी गाड्यांच्या धंद्यातला. लास्लो अल्माशीशी माझी ओळख झाली ती हेरगिरीमुळे नव्हे, टायरमुळे. हा माणूस मुळात गाड्या विकायचा. जन्म १८९५, बर्नस्टाइनच्या किल्ल्यात. तो भाग तेव्हा हंगेरीत होता, आज ऑस्ट्रियात आहे. वडील मध्य आशियात फिरलेले संशोधक. पोरगा इंग्लंडमध्ये ईस्टबर्नला शिकला, तिथेच विमानाच्या नादाला लागला. पहिल्या महायुद्धात आधी घोडदळ, मग हवाई दल. युद्ध हरलं, साम्राज्य मोडलं, आणि हे साहेब श्टायर या ऑस्ट्रियन मोटार कंपनीत चिकटले. १९२६ मध्ये इजिप्तमधून नाईलच्या काठाने सुदानपर्यंत गाडी हाणली, १९२९ मध्ये मोंबासाहून अलेक्झांड्रिया. जाहिरात म्हणून. "बघा, आमची गाडी वाळूतही चालते." पण वाळू चढली ती याच्याच डोक्यात.

त्या काळी नाईलच्या पश्चिमेला, लिबियाच्या हद्दीपर्यंत, नकाशावर मोठा पांढरा ठिपका होता. त्या ठिपक्यात कुठेतरी झरझुरा नावाचं हरवलेलं मरूद्यान आहे अशी जुनी दंतकथा. गुप्तधन शोधणाऱ्यांसाठी लिहिलेलं एक मध्ययुगीन अरबी बाड आहे, त्यात म्हटलंय की ते शहर कबुतरासारखं पांढरं आहे, दारावर पक्षी कोरलाय, पक्ष्याच्या चोचीतून किल्ली घे, आत राजा-राणी झोपलेत, त्यांना हात लावू नकोस, खजिना ने. आपल्याकडे नाही का, अमुक किल्ल्यावर सात रांजण पुरलेत!

१९३० च्या आसपास या दंतकथेच्या मागे एक विक्षिप्त टोळी लागली. राल्फ बॅगनोल्ड हा ब्रिटिश लष्करातला सिग्नलवाला, पॅट क्लेटन हा इजिप्तच्या वाळवंट सर्वेक्षणातला, बिल केनेडी शॉ, पेंडरेल नावाचा वैमानिक, आणि आपला अल्माशी. सुदानमधल्या वादी हाल्फाला एका ग्रीक माणसाच्या बारमध्ये बॅगनोल्ड आणि मंडळींनी झरझुरा क्लब काढला. वर्षातून एकदा लंडनला जेवण, बाकी वर्षभर वाळू.

दहा वर्षांनी हीच टोळी युद्धात एकमेकांसमोर उभी राहिली. सगळे एकाच बाजूला, अल्माशी एकटा दुसरीकडे. त्याची गोष्ट पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला हाक आली.

---

कोरडवाहू :

वा! पुढचं लवकर टाका. तुमच्या 'जेवायला हाक आली'वर आमचा विश्वास नाही, मागचा धागा असाच सहा महिने लटकला होता.

---

अबोलीचा_गजरा :

द इंग्लिश पेशंटमधला तोच का हा? पूर्ण भाजलेला, आठवण गेलेला, विवाहित बाईच्या प्रेमात पडलेला काउंट? मी तो चित्रपट कॉलेजात असताना बघून रडले होते. आता तुम्ही काय काय मोडून टाकणार आहात ते आधीच सांगा.

---

तिसरा_गियर :

ताई, जवळपास सगळंच. तो भाजला नाही, इटलीतल्या मठात मेला नाही, आणि हॉस्पिटलमध्ये कुठल्या शीख सुरुंगतज्ज्ञाशी त्याची भेट झाली नाही. खरा अल्माशी आमांशाने गेला. आणि प्रेमाचं म्हणाल तर त्याची पत्रं जपून ठेवलेली आहेत. ती एका तरुण जर्मन सैनिकाला लिहिलेली आहेत.

'काउंट'सुद्धा तसा उधारीचाच. घराणं उमरावांचं, पण त्याच्या शाखेला ती पदवी नव्हती. १९२१ मध्ये पदच्युत राजा कार्ल हंगेरीची गादी परत मिळवायला आला, तेव्हा त्याच्या गाडीच्या चाकावर अल्माशी होता. राजाने त्याला काउंट म्हणून हाक मारली म्हणे. राज्य काही मिळालं नाही, ड्रायव्हरला पदवी तेवढी मिळाली.

---

मोडीवाचक :

लेखन छान आहे, पण 'पांढरा ठिपका' आणि 'शोध' हे शब्द जरा जपून. अहमद हसनैन बे या इजिप्शियन माणसाने १९२३ मध्ये उंटांच्या तांड्यासह ते वाळवंट ओलांडलं आणि अर्केनू नि उवैनात हे दोन डोंगर नकाशावर आणले. लंडनच्या भूगोल संस्थेने त्याला १९२४ चं सुवर्णपदक दिलं. त्यानंतर राजपुत्र कमाल अल-दीन साखळीच्या चाकांच्या सित्रोएन गाड्या घेऊन गेला, 'गिल्फ कबीर' म्हणजे 'मोठा कडा' हे नाव त्यानेच ठेवलं. आणि हे दोघे जाण्याआधीही तिथे तेबू जमातीचे लोक गुरं चारत होते, बदाऊन जात-येत होते. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते छापलं नाही, एवढंच.

---

तिसरा_गियर :

शंभर टक्के मान्य. अल्माशीच्या गोष्टीतही शेवटची चावी त्यांच्यापैकीच एकाच्या हातात होती. सांगतो.

१९३२ मध्ये अल्माशी, सर रॉबर्ट क्लेटन-ईस्ट-क्लेटन, पेंडरेल आणि पॅट क्लेटन गाड्या नि एक छोटं जिप्सी मॉथ विमान घेऊन गिल्फ कबीरला गेले. (दोन क्लेटन आहेत, गोंधळ नको. त्यांचं आपसात नातं नाही.) विमानातून त्या पठाराच्या पोटात हिरवी दरी दिसली. खाली बाभळी! पण गाडीने तिथे पोचायला वाट सापडेना. पाणी संपत आलं तेव्हा अल्माशी गाडी घेऊन लिबियातल्या, इटालियनांच्या ताब्यातल्या कुफ्रा मरूद्यानाला गेला, पाहुणचार घेतला आणि पाणी भरून परत आला. ब्रिटिशांना वाटलं हा इटालियनांचा हेर, इटालियनांना वाटलं ब्रिटिशांचा. दोघांच्याही टेबलावर जेवत होता, त्यामुळे संशय दोघांचाही रास्त.

त्याच सप्टेंबरात सर रॉबर्ट आजारपणात गेला. पुढच्या वर्षी त्याची बायको डोरोथी नवऱ्याचं राहिलेलं काम करायला वाळवंटात जाऊन आली आणि सप्टेंबर १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर विमानाच्या अपघातात मेली. अबोलीताई, तुमच्या चित्रपटाच्या मूळ कादंबरीतल्या बाईचं बीज इथे असावं. फक्त खऱ्या आयुष्यात अल्माशीचं नि तिचं अजिबात पटत नव्हतं.

१९३३ मध्ये अल्माशी परत गेला आणि आणखी एक दरी सापडली. कुफ्रात इब्राहिम नावाच्या म्हाताऱ्या तेबूला बसवून विचारलं. तो म्हणाला, हो, आमच्या गुरांच्या दऱ्या त्या : वादी अब्द अल-मलिक, वादी हमरा, वादी तल्ह. पाऊस पडला की चारा, नाहीतर नुसती बाभूळ. झाला झरझुराचा उलगडा. पांढरं शहर नाही, राणी नाही. आपल्याकडच्या दुष्काळी भागात असतं तसं एक कुरण.

त्याच साली वादी सोरामध्ये त्याला एका गुहेच्या भिंतीवर पोहणाऱ्या माणसांची चित्रं सापडली. जिथे वर्षानुवर्षं पाऊस नाही तिथे हजारो वर्षांपूर्वीची माणसं हातपाय पसरून पोहतायत. हवामान बदललं असेल, पूर्वी इथे पाणी असेल, हा तर्क त्याने तेव्हाच मांडला. सहारा एके काळी हिरवा होता हे आज शाळेतली पोरंसुद्धा सांगतात.

---

रानवाटा :

झरझूर हा अरबी शब्द आमच्या पक्षीवाल्यांच्या ओळखीचा. मैनेच्या कुळातला पक्षी तो. आपल्या ज्वारीवर हिवाळ्यात थव्याने उतरणारी भोरडी त्याची चुलत बहीण. म्हणजे झरझुरा म्हणजे 'पाखरांचं ठिकाण' म्हणा हवं तर. वाळवंटात पाखरं दिसली की पाणी जवळ, हे कुणाही धनगराला सांगावं लागत नाही.

---

बे_एके_बे :

उच्चाराचं बरोबर केलंत. निम्मं जग लाझ्लो म्हणतं. हंगेरियनमध्ये 'एसझेड' मिळून 'स' होतो नि नुसता 'एस' म्हणजे 'श'. म्हणून लास्लो अल्माशी. माझं सासर बुडापेस्टचं, रोज मार खाऊन शिकलोय.

---

कोरडवाहू :

गियरराव, टायरचं म्हणाला होतात. वाळूत गाडी कशी चालवायचे ते सांगा. आमची तर अलिबागच्या किनाऱ्यावर रुतते, मग बैलजोडी.

---

तिसरा_गियर :

हा माझ्या आवडीचा प्रश्न. इथे श्रेय बॅगनोल्डचं जास्त. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतं आणि गाडी वाळूवर तरंगते. रुतली तर चाकाखाली पोलादी पन्हळ्या घालायच्या. रेडिएटर उकळला की पाणी वाफ होऊन जातं, आणि वाळवंटात ते तुमच्या पिण्यातून भरावं लागतं. बॅगनोल्डने रेडिएटरच्या तोटीला नळी लावून ती अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ डब्यात थंड होऊन पाणी व्हायची, इंजिन गार झालं की तेच पाणी ओढून परत रेडिएटरमध्ये. एक थेंब वाया नाही. लोखंडी गाडीत होकायंत्र फसवतं, म्हणून सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र बनवलं. समोर टेकडी आली तर सगळ्यांची प्रवृत्ती हळू जायची असते. ते चूक. वेग घेऊन सुसाट चढायचं. आणि माथ्यावर पलीकडे कडा असला तर हरी हरी.

हाच बॅगनोल्ड १९२८ मध्ये आपल्या वायव्य सरहद्दीवर बदलीवर होता. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात वाऱ्याचा लाकडी बोगदा बांधून त्यात वाळू उडवत बसला आणि वाऱ्याने वाळू कशी सरकते यावर १९४१ मध्ये पुस्तक छापलं. मंगळावरचे वाळूचे ढीग समजून घ्यायला आजही तेच वापरतात. नासाची क्युरिऑसिटी गाडी तिथे ज्या ढिगांपाशी गेली त्यांना बॅगनोल्डचंच नाव आहे.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. बॅगनोल्डने तिथल्या ब्रिटिश फौजांचा प्रमुख जनरल वेव्हेलकडे जाऊन सांगितलं, मला माणसं नि ट्रक द्या, शत्रूच्या पाठीमागून वाळवंटातून येतो. महिन्याभरात लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा राहिला. केनेडी शॉ त्याचा गुप्तवार्ता अधिकारी झाला, पॅट क्लेटन पहिल्या तुकड्यांपैकी एकीचा प्रमुख. म्हणजे संशोधकाचा गुप्तवार्ता अधिकारी होणं हे फक्त अल्माशीचं नाही. झरझुरा क्लबची अख्खी सभासद यादीच लष्करात भरती झाली.

---

सातारकर_७१ :

मी सहसा फक्त वाचतो. पण लिबियातल्या तोब्रुक बंदराचं नाव निघणार असं दिसतंय म्हणून लिहितो. आमचे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसरी बटालियन. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा जर्मन सेनापती रोमेलच्या हाती सापडले, मग इटलीत कैदी. घरात अजून त्यांचा पितळी तांब्या आहे. पुढचं लिहा साहेब, वाचतोय.

---

तिसरा_गियर :

दादा, बरं झालं लिहिलंत. तारखा लक्षात ठेवा, त्या लागणार आहेत.

१९३९ मध्ये अल्माशी हंगेरीत परतला. जर्मन लष्करी हेरखातं, आब्वेअर, त्याच्याकडे आलं. वाळवंटाचे नकाशे, अरबी, कैरोतल्या ओळखी, सगळं एकाच माणसात. हंगेरियन हवाई दलाचा राखीव अधिकारी जर्मनांना उसना दिला गेला, कॅप्टनच्या गणवेशात.

पहिले दोन डाव फसले. इजिप्तचा माजी सेनाप्रमुख अझीझ अल-मसरी इंग्रजांवर चिडलेला होता, त्याला विमानाने पळवून आणायचं ठरलं, पण म्हातारा आणि त्याचे साथीदार ज्या विमानात बसले ते मे १९४१ मध्ये लगेच खाली आलं. मग दोन हेर विमानाने वाळवंटात उतरवायचं ठरलं, वैमानिकाने ऐन वेळी उतरायला नकार दिला, आणि एक विमान समुद्रात पडलं. तेव्हा अल्माशी म्हणाला असावा, विमानं राहू द्या, मी गाडीने सोडतो.

ही मोहीम सलाम. त्याच्या नावातलीच अक्षरं उलटसुलट केली की 'सलाम' निघतं, कुणाची तरी गंमत. मे १९४२ मध्ये लिबियातल्या जालो मरूद्यानातून निघाले. गाड्या ब्रिटिशांकडूनच पकडलेल्या फोर्ड नि ट्रक. गणवेश मात्र जर्मन, कारण साध्या कपड्यात सापडलात तर हेर म्हणून गोळी. जर्मन खुणा होत्या, पण धुळीच्या रंगात विरतील अशा. इटालियन नकाशांत सपाट मैदान दाखवलेल्या जागी वाळूचे डोंगर निघाले, माणसं आजारी पडली, परत येऊन दुसऱ्या वाटेने जावं लागलं. कुफ्रा आता ब्रिटिशांकडे होतं, ते टाळून वळसा घालून गिल्फ कबीर. एका बाजूचं अंतरच दीड हजार किलोमीटरच्या वर.

आणि इथे धाग्याच्या शीर्षकावर येतो. वाटेत तीन सुळक्यांची एक टेकडी आहे. तिथल्या गुहेत त्याने १९३३ च्या सफरीत पाण्याचे डबे ठेवले होते. पेट्रोलचेच पत्र्याचे डबे, डाख देऊन बंद केलेले. नऊ वर्षांनी तो सरळ तिथे गेला. काही डबे गळून रिकामे, पण काही भरलेले. एक जपून उघडला. पाणी स्वच्छ, वास नाही. सगळ्यांनी १९३३ चं पाणी प्यायलं.

मला त्या युद्धाच्या वाचलेल्या सगळ्या गोष्टींत हा प्रसंग सर्वांत जास्त छळतो. कारण ते पाणी मित्रांच्या संगतीत, मित्रांच्या सोयीसाठी ठेवलेलं. तो डबा ठेवताना पेंडरेल बरोबर होता, रॉयल एअर फोर्सचा अधिकारी. रोमेलकडे तोफा होत्या, विमानं होती. अल्माशीकडे काय होतं? कुठल्या कपारीत डबा आहे आणि कुठल्या घळीतून ट्रक चढतो, एवढंच. अकाबाची घळ त्या कड्यावरून वर जाण्याची वाट आहे, ती माहीत नसेल तर गिल्फ कबीर म्हणजे भिंत. आब्वेअरला तो हेर म्हणून नकोच होता, वाटाड्या म्हणून हवा होता.

पुढे वाटेत ब्रिटिशांच्या सुदान डिफेन्स फोर्सचे ट्रक उभे दिसले, राखण नाही. नळी घालून पेट्रोल काढून घेतलं. खारगा मरूद्यानात रखवालदारांनी अडवलं तर अस्सल अरबीत सांगितलं, मी फक्त सामान नेतोय, बिम्बाशी (म्हणजे मेजर) साहेब मागच्या गाडीत आहेत. मागची गाडी जर्मनांनी भरलेली. सलाम ठोकून वाट दिली.

२४ मे च्या सुमारास असयूतजवळ नाईलच्या खोऱ्याच्या कडेला योहानेस एप्लर आणि झांडश्टेडे या दोघांना उतरवलं आणि आल्या वाटेने मागे. अखेर जालोला परत. सातारकरदादा, तोब्रुक पडायला तेव्हा अजून काही आठवडे होते.

---

मोडीवाचक :

आणखी एक तारीख जोडा. अल्माशी परतीच्या वाटेवर असताना, २७ मे १९४२ ला, बीर हकीमच्या दक्षिणेला तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड इटालियन रणगाड्यांनी तुडवली. आणि बॅगनोल्डच्या त्या ग्रुपच्या हाताखाली भारतीय सैनिकांचं स्वतंत्र लाँग रेंज स्क्वाड्रनही होतं, जाट, राजपूत, शीख, मुसलमान. म्हणजे सूर्य-होकायंत्र वापरणारे आपलेही लोक होते. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढला नाही.

---

अबोलीचा_गजरा :

त्या दोन हेरांचं काय झालं? एवढा आटापिटा करून सोडले, काही उपयोग?

---

तिसरा_गियर :

शून्य. एप्लर जर्मन आई-बापाचा, पण आईचा दुसरा नवरा इजिप्शियन, त्यामुळे कैरोतच वाढलेला, हुसेन गाफर या नावाने. दोघांनी नाईलवर हाउसबोट भाड्याने घेतली, शेजारी हिकमत फहमी ही प्रसिद्ध नर्तकी, खिशात ब्रिटिश पाउंडांची थप्पी. आधी खर्च, मग हेरगिरी. त्यांचा बिनतारी संच चालेना म्हणून मदतीला एक तरुण इजिप्शियन अधिकारी आला : अन्वर सादात. तोच, पुढचा राष्ट्राध्यक्ष.

पण संच चालला असता तरी पलीकडे ऐकायला कुणी नव्हतं. त्यांचे संदेश घेणारे रोमेलकडचे दोन बिनतारीवाले मे अखेरीस ब्रिटिशांच्या हाती लागले होते. त्यांच्याजवळ एक इंग्रजी कादंबरी मिळाली, जर्मन सैनिकाच्या पिशवीत, एकाही जर्मनाला नीट वाचता न येणारी. सांकेतिक भाषेची किल्ली. जुलैमध्ये एप्लर आणि कंपनी हाउसबोटीवर पकडली गेली, सादातचीही अटक नि नोकरी गेली.

आणि इंग्लंडमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्कला जीन ॲलिंग्टन नावाच्या बाईंना आब्वेअरच्या संदेशांतून वाळवंटात कुणीतरी हलतंय हे उमगलं होतं. त्यांनी माग काढला, पण वर पोचून शोध सुरू होईपर्यंत अल्माशी निसटला होता.

---

बे_एके_बे :

म्हणजे इतका अवघड प्रवास करून त्याने जी दोन माणसं पोचवली ती दोन महिने पार्टी करून तुरुंगात. आमच्या ऑफिसच्या प्रोजेक्टसारखंच.

---

मोडीवाचक :

विनोद ठीक, पण मला एक खटकतंय. तुम्ही त्याला फार मऊ हाताने धरताय. तो हिटलरच्या फौजेसाठी काम करत होता. लोखंडी क्रॉस हे जर्मन पदक मिळालं, मेजर झाला. 'मित्रांना फसवलं' एवढाच मुद्दा आहे का? आणि १९३२ मध्ये कुफ्रात ज्यांच्या पंगतीला बसला त्या इटालियनांनी वर्षभर आधीच ते शहर घेतलं होतं. पळालेली बायकापोरं वाळवंटात तहानेने मेली. त्यातल्या वाचलेल्यांना पाणी द्यायला पॅट क्लेटन गाडी घेऊन गेला होता. दोघेही वाळवंटवेडे, पण कोण त्यातून काय शिकला ते बघा.

---

तिसरा_गियर :

हे तुम्ही बरोबर पकडलंत, मी ते टाळून लिहीत होतो.

नाझी पक्षाचा तो माणूस नव्हता, राजेशाहीवाला होता, पण म्हणून सुटका होत नाही. १९४३ मध्ये त्याने रोमेलच्या फौजेतल्या दिवसांवर हंगेरियनमध्ये पुस्तक लिहिलं. अभिमानाने लिहिलंय. दुसरीकडे बुडापेस्टमध्ये ज्यूंची धरपकड चालू असताना त्याने काहींना आसरा दिला, तशी साक्ष त्याच्या खटल्यात झाली. युद्धानंतर कम्युनिस्ट लोकन्यायालयात उभा केला गेला, ते रोमेलवालं पुस्तक पुरावा म्हणून समोर. त्याच्या बाजूने उभा राहिला ग्युला गेर्मानुश, बुडापेस्टचा अरबीचा पंडित. हा गेर्मानुश १९२९ पासून तीन वर्षं रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकवायला होता आणि दिल्लीत त्याने इस्लाम स्वीकारला. १९४६ अखेर अल्माशी सुटला. पण पुन्हा धरणार हे दिसत होतं, म्हणून १९४७ मध्ये खोट्या कागदांवर देशाबाहेर पळाला आणि कैरोला पोचला. पळायला मदत ब्रिटिश गुप्तचरांची! पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या ट्रकमधून पेट्रोल चोरलं त्यांचीच.

माझं मत विचाराल तर त्याला देशापेक्षा वाळवंट मोठं होतं. कुणाच्या खर्चाने जातोय हे त्याने कधीच नीट पाहिलं नाही. आधी श्टायरचा खर्च, मग इंग्रज सरदाराचा, मग हिटलरचा. बिल भरणारा कोण हे न बघणं निष्पाप नसतं, एवढं मी तुमच्याकडे झुकतो.

---

रानवाटा :

शेवट कसा झाला?

---

तिसरा_गियर :

विमानं चालवणं, फुटकळ कामं. १९५० च्या डिसेंबरात राजा फारूकने कैरोत वाळवंट संशोधन संस्था उघडली आणि त्याला तांत्रिक संचालक केलं. आयुष्यात पहिल्यांदा हक्काची खुर्ची. काही आठवड्यांत आमांश बळावला, उपचारासाठी साल्झबुर्गला आणला आणि २२ मार्च १९५१ ला गेला. वय ५५. अमिबा पाण्यातून येतो, हे मी मुद्दाम लिहिणार नव्हतो, पण लिहिलं.

बदाऊन त्याला अबू रमला म्हणायचे, वाळूचा बाप.

---

अबोलीचा_गजरा :

चित्रपट परत बघेन आणि परत रडेन. पण आता वेगळ्या जागी रडेन.

---

रांगेतली :

मी धागाकर्त्याची बायको. मोझार्टच्या रांगेत आईबाबांना घेऊन पावणेदोन तास उभी होते. बाबांना मात्र हा धागा वाचून दाखवला तर ते म्हणाले, "जावईबापूंनी मलाही न्यायचं होतं."

---

कोरडवाहू :

धागा सार्थकी लागला.

---

तिसरा_गियर :

सातारकरदादा, एक विचारायचं राहिलं. आजोबा वाळवंटाबद्दल घरी काही बोलायचे का? लढाईचं नाही, पाण्याचं वगैरे?

---

सातारकर_७१ :

लढाईचं अवाक्षर नाही. पाण्याचं एकच. आजी चहा देताना साखर विसरली तर चिडायचे नाहीत, म्हणायचे, "असू दे, खारट तर नाही ना." आम्हा पोरांना वाटायचं म्हातारा काहीतरी बरळतोय. पुढे कुणीतरी सांगितलं, तोब्रुकच्या विहिरींना मचूळ पाणी होतं, चहासुद्धा त्यातच व्हायचा आणि दूध घातलं की नासायचं. आमच्याकडचे ते शेवटपर्यंत बिनदुधाचाच प्यायले.